पप्पांना गाडी लागते

ग्राफिक कार्ड विकत घेण्याआधी मी ग्राफिक कार्डाच्या विरोधात पत्रक काढलेलं होतं. नेमकं सांगायचं तर ते गेमिंगच्या विरोधात होतं, पण त्यात ग्राफिक कार्डाचा उल्लेख होता आणि तो प्रेमाचा नव्हता. 'तरुणांनो, खेळ तुम्ही खेळत नाही, खेळ तुम्हाला खेळवतोय!' असा मथळा. खाली नेहमीप्रमाणे 'समस्त नागरिक'. आमचा गट एका रिक्षात मावतो, दाटीवाटीने. पण सही 'समस्त नागरिक' अशीच करायची, हे आमचं ठरलेलं आहे. आम्ही ती पत्रकं कॉलेजच्या गेटवर वाटली. पोरांनी घेतली, वाचली आणि पोरं हसली. उरलेला गठ्ठा समोरच्या भेळवाल्याने मागून नेला. त्यामुळे ते पत्रक आमच्या इतर पत्रकांपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानाच्या काउंटरला टेकून 'दोन पंख्यांचं बरं की तीन पंख्यांचं' असं विचारत होते. शेजारी माझे वडील उभे होते. गेम त्यांना खेळायचा होता.

पप्पा एसटीत ड्रायव्हर. रिटायर होईपर्यंत कागदोपत्री ड्रायव्हरच होते, पण शेवटची काही वर्षं स्टिअरिंग त्यांच्या हातात नव्हतं. तपासणीत निघालं की त्यांना कडेचं कमी दिसतं. समोरचं लख्ख, पण डावी-उजवी कड अंधारत चाललेली. डेपोने हलकं काम दिलं. माइकवर गाड्या पुकारायच्या. आयुष्यभर ज्या गाड्या चालवल्या त्या आता नुसत्या नावाने पुकारायच्या, तेही 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' लावून. मी त्याच दिवशी पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला. इमानदार कामगाराची गळचेपी वगैरे. पप्पांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"गळचेपी नाय, डोळं हायेत. मागं गाडीभर मानसं बसत्यात. कडेनं एखादं पोरगं धावत आलं तर मला दिसनार नाय. तू गप बस."

मी बसले. माझ्या चळवळीतल्या आयुष्यात मी कुणाचं ऐकून गप बसल्याचं दुसरं उदाहरण नाही.

रिटायर झाल्यावर पप्पा गॅलरीत बसायला लागले. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर स्लॅब, स्लॅबवर ऊन, आणि आमच्या सोसायटीचं म्हणणं असं की चुना मारला तर बिल्डिंगची शोभा जाते. (याविषयी माझं वेगळं पत्रक आहे.) गॅलरीतून हायवे दिसत नाही, ऐकू येतो. पप्पा हॉर्न ऐकायचे आणि सांगायचे, "प्रायव्हेट." मग बऱ्याच वेळाने, "आपली." हळूहळू तेही थांबलं. आई म्हणायची, घरात पुतळा बसवलाय, फक्त हार घालायचा राहिलाय. म्हणायची हसत, पण त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची.

मग एका लग्नात कुणीतरी पप्पांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम. कुठल्याशा हौशी पोरांनी त्यात आपली लाल बस बनवून घातलेली, फाटकी सीट आणि 'धूम्रपान करू नये' सकट. आणि घाट. कसाऱ्यासारखाच, वळणावर वळण. पप्पांनी तो व्हिडिओ जेवणाच्या पंगतीत बसून पाहिला, वाढप्याला दोनदा परत पाठवलं, आणि घरी येताना म्हणाले, "हे मला पायजे."

पप्पांनी कधी काही मागितलेलं नाही. शर्ट आई आणते तो घालतात, डब्यात असेल ते खातात. त्यामुळे आईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ते मागतायत काहीतरी. काय मागतायत ते नंतर बघ. आधी आण."

म्हणजे प्रश्न गेमचा नव्हताच. पप्पा पुन्हा ड्रायव्हर होणार की गॅलरीतच बसणार, एवढा एकच होता. शिवाय पडद्यावर आरसेसुद्धा समोरच असतात. कडेचं काही बघावं लागत नाही, आणि मागे बसलेली माणसं मरत नाहीत. मी माझं पत्रक मनातल्या मनात मागे घेतलं आणि अभ्यासाला लागले.

दुकानात भिंतभर खोकी होती. प्रत्येक खोक्यावर एकतर ड्रॅगन, नाहीतर यंत्रमानव, नाहीतर कपडे कमी आणि शस्त्रं जास्त अशी बाई. मी त्या बाईबद्दल बोलणार होते, पण दुकानदाराने आधी तोंड उघडलं.

"बोला ताई. भावासाठी का?"

"वडिलांसाठी."

त्याने पप्पांकडे बघितलं, लगेच सरळ उभा राहिला. "या सर. ऑफिसचं काम? टॅली वगैरे?"

"गेम," पप्पा म्हणाले.

"वा. कुठला गेम, सर?"

"बस."

"हो हो, फक्त गेमच. पण कुठला?"

"बस."

"बस कसं सर? नाव कळल्याशिवाय कार्ड कसं सांगू?"

इथे मी मध्ये पडले, नाहीतर दोघं संध्याकाळपर्यंत तेच बोलत राहिले असते. बस चालवायचा गेम, घाट, पाऊस, एसटी, सगळं समजावलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका आणि मग एकदम गिऱ्हाईक आल्याचा आनंद उमटला.

"मग सर, हिरवी कंपनी की लाल?"

या गावात हा प्रश्न कुणी इतक्या सहज विचारू नये. कार्ड बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, एकीची खूण हिरवी, दुसरीची लाल, आणि पोरं त्यावरून एकमेकांची डोकी फोडतात म्हणे. मी म्हटलं, "लाल." तत्त्व म्हणून.

"तत्त्व नको ताई, बजेट सांगा."

"लालच घे," पप्पा म्हणाले. "एसटी लालच असती."

बाप-लेकीचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायची ती पहिलीच वेळ असावी.

मग दुकानदाराने आवाज खाली आणला आणि काउंटरखालून एक उघडं कार्ड काढलं. वापरलेलं, पण अगदी हलकं वापरलेलं, बाजारात मिळणार नाही असं. हाताएवढं लांब धूड, पाठीवर तीन पंखे. पप्पांनी ते हातात घेतलं, एक पंखा बोटाने फिरवला, कान जवळ नेला. पंखा खरखरला.

"ह्याचं मीटर मागं फिरवलंय."

"छे सर! एकच मालक."

"जुनी गाडी विकनारं सगळं असंच सांगत्यात. एकच मालक आणि बाई चालवायची."

"बाई चालवायची म्हणजे काय?" मी विचारलं. पप्पांनी दुसरा पंखा फिरवला. मी वाचलेलं होतं की अशी कार्डं पूर्वी कुणीतरी रात्रंदिवस डिजिटल नाणी पाडायला राबवलेली असतात, आणि पिळून झाली की 'हलकं वापरलेलं' म्हणून बाजारात येतात. ते मी दुकानदाराला सविस्तर सांगितलं, विजेचा अपव्यय आणि ई-कचरा यांच्यासह. तो मान डोलवत ऐकत होता आणि ऐकता ऐकता ते कार्ड काउंटरखाली परत गेलं.

शेवटी नवीन घेतलं. मधल्या ताकदीचं, दोन पंख्यांचं. पंख्यांच्या आत पत्र्याच्या बारीक पात्या पाहून पप्पा खूश झाले. "ही तर रेडिएटरचीच जाळी." कार्डाचं काम काय, तर पडद्यावरचं चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने काढायचं. ते काढताना ते तापतं. म्हणून पात्या, म्हणून पंखे. इथपर्यंत सगळं आमच्या घराण्याच्या आकलनातलं होतं. गाडी पळते, इंजिन तापतं, हवा लागते.

घोटाळा झाला तो कॅबिनेटवर. म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसवायचं ती. दुकानदाराने दोन समोर ठेवल्या. एकीचं तोंड जाळीचं, दुसरीचं काचेचं.

"जाळीवालं हवेला चांगलं, सर. काचवालं दिसायला."

"समोर काच नको?" पप्पांना पटेना. "जाळीतनं काय तुरुंगातल्यावानी बघायचं?"

"सर, त्यातून बघायचं नसतं..."

"समोर काच नसलेली गाडी मी आजपर्यंत चालवली नाय."

आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले. मी म्हटलं की काचच बरी. आतला कारभार पारदर्शक असला पाहिजे, नागरिकाला दिसला पाहिजे. हे वाक्य मी महापालिकेच्या दारात इतक्या वेळा म्हटलंय की काच दिसली की ते आपोआप बाहेर पडतं. दुकानदाराने आणखी समजावलं नाही. काचवाल्यात रंगीत दिवेही लागतात आणि ते वेगळे विकता येतात.

हॉलमध्ये टेबल लागलं. टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पॅडल. स्टिअरिंग हाताला धक्के द्यायचं, खड्डा आला की थरथरायचं. खड्डे मात्र रस्त्याच्या मानाने फारच कमी होते. ज्याने तो नकाशा बनवला त्याने नाशिकला येऊन बघायला हवं होतं. पप्पा चप्पल घालून बसले. अनवाणी पायाने ब्रेक दाबत नाहीत म्हणाले. आईने आयुष्यात पहिल्यांदा हॉलमध्ये चप्पल चालू दिली.

इंजिन सुरू झालं. आवाज अगदी तोच, खिडक्यांच्या काचांसकट खडखडणारा. पण गाडी हलेना.

"काय झालं?" मी म्हटलं. "गिअर टाका ना."

"बेल कुठंय?"

"कसली बेल?"

"डबल बेल. कंडक्टरनं बेल दिल्याबिगर गाडी हालत नसती."

मी सांगत होते की गेममध्ये कंडक्टर नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताटलीवर पळी वाजली. टण् टण्. पप्पांनी हँडब्रेक सोडला.

पहिले काही दिवस घरात सण होता. पप्पा जेवताना बोलायला लागले. कुठल्या वळणावर कुठला ढाबा होता, कोण साहेब कसा होता. आई वैतागून म्हणाली, आता ह्यांना गप कसं करायचं ते सांग. तिच्या चेहऱ्यावर मात्र वैताग कुठेच नव्हता.

मग मला एक गोष्ट खटकायला लागली. सरळ रस्त्यावर पप्पा मजेत असायचे. घाट लागला की थोड्या वेळाने गाडी बाजूला घ्यायचे, डोळे दुखतात म्हणायचे आणि आडवे व्हायचे. एप्रिल चढत गेला तसा घाट आणि आडवं होणं यातलं अंतर कमी होत गेलं. बाथरूममध्ये नळ मोठा सोडून बराच वेळ थांबायचे. आईने निदान केलं, उष्णता. मग सब्जा सुरू झाला. वाळ्याचं पाणी सुरू झालं. आंबा बंद झाला, म्हणजे मलाही बंद झाला, कारण एकट्याने खाल्लेला बरा दिसत नाही. एकदा धुण्याला टाकलेल्या शर्टाच्या खिशात आईला अर्धं लिंबू मिळालं, हुंगून हुंगून सुकलेलं. ती ते हातात घेऊन हॉलमध्ये आली. पप्पा स्टिअरिंगवर होते, चेहरा घामाने डबडबलेला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला गाडी लागते!"

मराठीत काहीही लागतं. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, नशीब असेल तर नोकरी लागते. एसटी फलाटाला लागते. पप्पांनी सबंध हयात गाडी फलाटाला लावली, आणि त्यांना गाडी लागली ती इंदिरानगरमधल्या हॉलमध्ये, जागचं न हलता. ज्या माणसाने ओकणाऱ्या प्रवाशांना 'खिडकीबाहेर तोंड काढा' असं हजारदा सांगितलं, त्याला. आईला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी पप्पांचा चेहरा बघितला.

त्यांनी गेम बंद केला. उठले, चप्पल दाराबाहेर काढून ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी आईने कॉम्प्युटरवर फ्रिजचं जुनं प्लास्टिक कव्हर घातलं, गुलाबाच्या फुलांचं. मी म्हटलं, "पप्पा, बसा ना थोडा वेळ." ते हायवेच्या दिशेने बघत राहिले.

"नाय होत माझ्याच्यानं. पयली गाडी डोळ्यांनी घेतली. ही पोटानं घेतली."

यावर पत्रक निघत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण निषेध कुणाचा करायचा?

त्या दुपारी पप्पा गॅलरीत असताना मी कव्हर काढलं आणि स्वतः बस सुरू केली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दाखवायची सोय असते. एक कार्ड किती तापलंय त्याचा, दुसरा सेकंदाला किती चित्रं निघतायत त्याचा. सरळ रस्त्यावर दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होते. घाटात शिरले, झाडी आली, दरी आली, तापमान चढायला लागलं. चढतं चढतं एका ठिकाणी जाऊन थांबलं, आणि तिथून दुसरा आकडा घसरायला लागला. चित्र अडखळलं. मी स्टिअरिंग वळवलं, बस क्षणभर विचार करून वळली. म्हणजे कार्ड जळू नये म्हणून आपणच हळू काम करत होतं, अगदी सरकारी कर्मचाऱ्यासारखं, आणि त्या ओढाताणीत हात आधी वळत होता आणि डोळे मागून. अशाने कुणालाही गाडी लागेल. ज्याच्या हाताला वळणं पाठ आहेत त्याला तर आधी लागेल.

मी पेटीच्या काचेला हात लावला. तवा. आतले पंखे जीव तोडून फिरत होते आणि बाहेरची हवा यायला कडेला दोन बोटांची फट होती. पारदर्शक कारभार! आत काय घुसमटतंय ते स्वच्छ दिसत होतं, पोचत मात्र काही नव्हतं.

पेटी रिक्षात घालून मी दुकानात गेले. दुकानदाराने माझा चेहरा बघून आधीच हात वर केले.

"ताई, मी म्हटलं होतं जाळीवालं घ्या."

"एकदाच म्हटलं होतंत."

"किती वेळा म्हणायचं असतं?"

"आमच्यात निवेदन तीनदा देतात. मग आंदोलन."

त्याने मला पाण्याचं कूलिंग दाखवलं. नळ्या, टाकी, निळा दिवा. मी विचारलं, हे कार्ड थंड करतं का? म्हणाला, नाही, प्रोसेसर थंड करतं. मी विचारलं, तापतंय काय? म्हणाला, कार्ड. मग त्याने निळा दिवा लावून दाखवला. "पण दिसतं भारी," तो म्हणाला.

मी मोबाइल काढून त्याला पत्रकाचा मसुदा दाखवला. 'काचा लावून श्वास कोंडणाऱ्यांना जाब विचारा!' त्याने तो मन लावून वाचला. "भारी लिहिता तुम्ही. खाली माझ्या दुकानाचा पत्ता टाकाल का? उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं." अशा माणसाशी लढता येत नाही. पण त्याने पेटी बदलून दिली, कुरकुर न करता, आणि समोर हवा आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक, असे नीट बसवून दिले. दिवे परत घेतले नाहीत.

घरी आणून पुन्हा मोजलं. फरक पडला, चांगला पडला. पण वर स्लॅब होता आणि तारीख मे महिन्याची होती. खोलीतलीच हवा गरम असेल तर पंखा तरी काय करणार, गरम हवाच आणून घालणार. घाटाच्या वरच्या टप्प्यात चित्रांचा आकडा अजून घसरतच होता.

मी गॅलरीत गेले.

"पप्पा, तुम्हाला काही झालेलं नाही. गाडी तापत होती."

"गाडी तापली तर डायव्हरला कळतं."

"ह्या गाडीला काटा नव्हता. आता मी लावलाय."

ते वळले. "काटा नव्हता?"

"नव्हता."

"टेंपरेचरच्या काट्याबिगर घाटात घातली मला?" उठलेच ते. "अगं ए, काटा आधी दाखवायचा असतो! शिकाऊ पोरगं पण आधी काटा बघतं!" चिडून बोलत होते, आणि इतक्या दिवसांनी चिडलेले पाहून आई दारात येऊन उभी राहिली.

पप्पा चप्पल घालून टेबलाशी बसले. कोपऱ्यातले दोन्ही आकडे बघितले, चित्रांचा आकडा घाटात कुठे घसरतो ते माझ्याकडून ऐकून घेतलं. म्हणाले, लोड कमी करावा लागेल. बरोबर होतं ते. गेममध्ये एक पान असतं, चित्रात काय काय किती बारकाईने काढायचं ते ठरवायचं. जेवढं कमी काढाल तेवढं कार्ड थंड. इंग्रजीतलं ते पान मी वाचून दाखवत गेले.

"सावल्या कमी करू?"

"कर. सावलीत काय बसायचंय?"

"पाण्यातली प्रतिबिंबं?"

"काढून टाक."

"प्रवासी?"

"नाय!" हात आडवा आला. "पाशिंजर कमी केलं की रूट बंद करत्यात. ते आधी पाशिंजर कमी करत्यात, मग म्हनत्यात चालत नाय."

यावर तर आमचं पत्रकच आहे.

"पाऊस?"

"पावसात गाडी काढायची मजा असती. राहू दे."

उरली एकच ओळ. मी ती मनात वाचली आणि पुढच्या पानावर जायला निघाले.

"ही काय राहिली?"

"काही नाही. बाकी सगळं ठीक आहे."

"वाच की."

"झाडं," मी म्हटलं. "झाडांची दाटी. जास्त, मध्यम, कमी."

पप्पांनी आईकडे बघितलं. गेल्या पावसाळ्यापासून रस्तारुंदीच्या विरोधात मी किती झाडांना मिठ्या मारल्या होत्या हे दोघांनाही माहीत होतं. माझ्या ओढणीवरचे चिकाचे डाग आईने घासले होते. 'एकही झाड तोडू देणार नाही' हा फलक अजून दाराच्या मागे उभा होता. मी 'जास्त'वरून 'मध्यम'वर आणलं आणि घाटात गाडी घालून बघितली. चित्रांचा आकडा तरीही घसरला. मी म्हटलं, थोडा वेळ बघू, समिती नेमू. हे मी गमतीने म्हटलं नव्हतं. मला खरंच थोडा वेळ हवा होता.

"तू बाजूला हो," पप्पा म्हणाले. "मी तोडतो. तुझ्यावर नाव नको."

"नाही. माझं मी करते."

'कमी' केलं. डोंगर क्षणात बोडके झाले. इतक्या सफाईने कुठल्याच कंत्राटदाराला जमलं नसतं. हरकती नाहीत, सुनावणी नाही, पर्यायी वृक्षारोपणाचं खोटं आश्वासनसुद्धा नाही. तापमान उतरलं. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तो आकडा उतरताना बघून मला बरं वाटलं.

शेवटचं काम वेगाचं होतं. कार्ड मोकळ्या रस्त्यावर उगाच जास्त चित्रं काढतं, तापतं आणि घाटात धापा टाकतं. त्यापेक्षा आधीच कमी आकड्यावर बांधून ठेवलं तर शेवटपर्यंत एकसारखं चालतं. मला वाटलं, पप्पांना हे पटवायला वेळ लागेल. ते म्हणाले, "लॉक टाक. आमच्या गाडीला पण स्पीड लॉक होता. शिव्या घालायचो, पन गाडी टिकायची."

स्लॅब तापायच्या आत, सकाळी, पप्पांनी गाडी काढली. मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोळे कोपऱ्यातल्या आकड्यावर. घाटाचं पहिलं वळण, दुसरं. बोडक्या डोंगरांच्या मधून लाल बस गुरगुरत चढत होती. चित्र अडखळलं नाही. पप्पांच्या कपाळावर घाम होता, पण तो उकाड्याचा, आमच्या हॉलचा नेहमीचा. जिथे ते दर वेळी गाडी बाजूला घ्यायचे ती जागा आली आणि मागे गेली. स्टिअरिंगवरचा हात सैल झाला. एक हात तर त्यांनी खिडकीत टेकवल्यासारखा टेबलाच्या कडेवर टेकवला. आणखी एक वळण, आणखी एक. मी आकड्याकडे बघत होते, आकडा स्थिर होता, आणि वळणं येत होती, आणि खुर्ची जागच्या जागी असून मागे सरकत होती, आणि मला मळमळायला लागलं.

इतका वेळ मोठ्याने सांगत असलेला आकडा मी सांगायचा सोडला. पप्पांना कडेचं दिसत नाही. मी त्यांच्या कडेलाच बसलेली.

"गप का झालीस?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"काही नाही."

"तू गप बसतीस व्हय कधी?"

त्यांनी डावा इंडिकेटर दिला. गाडी वळणाच्या आधी, रस्ता रुंद होता तिथे, अलगद कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं. हे सगळं इतकं सावकाश आणि नेटकं की मागच्या एखाद्या डुलकी घेणाऱ्या प्रवाशाला कळलंही नसतं. मी तोंडावर हात ठेवून बेसिनकडे धावले.

आई हात पुसत बाहेर आली. "आता हिला काय झालं?"

"गाडी लागली," पप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा, रोजच्या कामातला. "होतं नव्या पाशिंजरला. तोंडावर पानी मार गं पोरी, लांब बघ. घाई नाय. मी थांबलोय."